बंडूची गोळी

बंडू ही मांजरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आम्हाला ते फार उशिरा कळलं.

सोसायटीच्या वॉचमनकाकांनी "बोका आहे, बिनधास्त घ्या" म्हणून हातात ठेवलेलं पिल्लू पांढरं, काळं आणि केशरी होतं. डॉक्टर हसायलाच लागले. केशरी रंगाची चावी म्हणे एक्स गुणसूत्रावर असते. काळा आणि केशरी दोन्ही हवे तर एक्स दोन लागतात, म्हणून तीनरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. आता पुन्हा बारसं कोण करत बसतंय?"

तर या बंडूला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी. वजन 4 किलो, गोळी एक. पहिली डॉक्टरांनीच दिली. त्यासाठी तिला द्राक्षांच्या क्रेटवर क्रेट बांधून इंदिरानगरहून रिक्षाने नेलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तिने असा काही टाहो फोडला, की रिक्षावाले दादा मागे न बघताच म्हणाले, "ताई, बाळाला घ्या ना जरा." दवाखान्यात मात्र दोन सेकंदांत काम झालं. जबडा उघडला, गोळी आत, गळ्यावरून बोट. "नाक चाटलं की समजा गेली पोटात." बंडूने नाक चाटलं. एवढंच तर आहे, असं म्हणत आम्ही घरी आलो.

पुढच्या तारखा विसरू नयेत म्हणून सासूबाईंनी त्या सणांना बांधल्या. संक्रांत, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा.

संक्रांतीला नाशकात थंडी मी म्हणत असते आणि बंडू सासूबाईंच्या गोधडीत असते. झोपेत देऊन टाकू, ही कल्पना नवऱ्याची. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशा 18 नख्या असतात. मला हे कुठे वाचावं लागलं नाही. शेवटी मात्र तिने दोनदा आवंढा गिळला आणि नाक चाटलं. आम्ही तिळगूळ खाल्ला.

रामनवमीला टॉवेल. नवरा मोबाइलवर व्हिडिओ बघत सूचना देणार, मी गुंडाळणार. व्हिडिओतलं मांजर सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलं जात होतं. आमच्याकडे दहा मिनिटांनी टॉवेलमध्ये नवऱ्याचा हात होता आणि बंडू फ्रिजवर. तिथेच चढून दिली. नाक चाटलं.

गुरुपौर्णिमेचं फारसं सांगत नाही. ज्या घरात अंडं येत नाही, त्या घरात मी त्या दिवशी सुकट भाजली. सासूबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. सुकट मात्र संपली, आणि नाक चाटलं.

दसऱ्याला त्यांनी सूत्रं स्वतःकडे घेतली. "लेकरासारखं प्रेमानं द्यायचं असतं गं," म्हणत गोळी पेढ्यात दडवली. मांजराला गोड चव कळतच नाही, हे मी सांगून पाहिलं. "दूध पितात ना?" त्या म्हणाल्या. मोठ्या मांजराला दूधही नीट पचत नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. बंडूने पेढा हुंगला आणि पुढच्या पंजाने फरशी खरवडायला लागली. ही खूण मांजर पाळणाऱ्या कोणालाही कळते, ती घाण पुरण्याची असते. सासूबाईंचा चेहरा बघवेना. पण त्या हटल्या नाहीत. मांडीवर घेतलं, काहीतरी पुटपुटल्या, पेढ्यासकट गोळी तोंडात. बंडू उठली, शांतपणे दिवाणाखाली गेली, बाहेर आली आणि नाक चाटलं.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत हे मला रोज ऐकावं लागलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून दिवाण सरकवला. भिंतीलगत, जळमटांत, गोळ्या होत्या. नवऱ्याने झाडूच्या टोकाने एकेक पुढे ओढली. चार. शेवटचीला पेढा अजून चिकटलेला होता.

कोणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी वर पाहिलं.

माळ्यावर बसलेल्या बंडूने नाक चाटलं.