कॅमेऱ्याचा धंदा बुडाल्याचे ताळेबंद सांगत नाहीत

‘मोबाइलने कॅमेरा संपवला, कंपन्यांचे कॅमेरा विभाग दरवर्षी तोट्यात जातात, निकॉनने तर डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) बंदच केले, तेव्हा कॅमेऱ्यात पैसे घालू नका,’ अशा आशयाचा संदेश पुण्यातील छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. लग्नसराईच्या कामासाठी कर्ज काढून पहिला कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या मुलांचे बेत अशा संदेशांमुळे बदलतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानात तथ्य आहे. ‘सीपा’ या जपानमधील उत्पादक संघटनेच्या नोंदींनुसार २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, तर २०२३ साली जेमतेम ७७ लाख. मात्र २०१० च्या आकड्यातील दहा कोटींहून अधिक कॅमेरे खिशात मावणारे, लेन्स न बदलता येणारे होते, आणि मोबाइलने जागा घेतली ती प्रामुख्याने त्यांची.

दुसरे विधान मात्र साफ चुकीचे आहे, आणि संदेशाची सारी भिस्त त्याच्यावरच आहे. नगांची संख्या म्हणजे विभागाची कमाई नव्हे. सीपाच्याच नोंदींत २०२० साली सुमारे ८९ लाख कॅमेऱ्यांचे मूल्य ४२ हजार कोटी येनच्या आसपास होते; २०२३ साली नग घटूनही ते ७१ हजार कोटींवर गेले. निकॉनच्या कॅमेरा विभागाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात, करोनाची टाळेबंदी, मालमत्तेची मूल्यघट आणि पुनर्रचनेचा खर्च एकत्र आल्याने, सुमारे १५ हजार कोटी येनच्या विक्रीवर त्याला ३,५०० कोटींहून अधिक तोटा झाला. पुढच्याच वर्षी सुमारे १,९०० कोटींचा नफा झाला, आणि मार्च २०२४ अखेर सुमारे २८ हजार कोटींच्या विक्रीवर नफा ४,६०० कोटींच्या पुढे गेला. कंपनीने स्वस्त कॅमेऱ्यांचा हव्यास सोडून व्यावसायिक आणि हौशी ग्राहकांसाठीच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर व त्यांच्या लेन्सवर भर दिला, खर्च कापला, त्याचे हे फळ आहे. अर्थात येन घसरल्यामुळे परदेशातील विक्रीचे आकडे फुगले, हेही हिशेबात धरले पाहिजे. सगळी वाढ कर्तृत्वाची नाही. तरीही या वर्षांना ‘तोट्याची’ म्हणता येत नाही.

ऑलिम्पस या दुसऱ्या जपानी कंपनीने कॅमेरा व्यवसाय विकला, हे खरे आहे; पण तो बंद पडलेला नाही. तो जानेवारी २०२१ पासून ‘ओएम डिजिटल सोल्यूशन्स’ या वेगळ्या कंपनीकडे आहे आणि तिचे कॅमेरे बाजारात येत आहेत.

निकॉनबद्दलचे विधान जुलै २०२२ मधील एका जपानी वृत्तावरून आलेले दिसते. त्यात निकॉन एसएलआर कॅमेऱ्यांचा (डीएसएलआर त्यांतलेच) नवा विकास थांबवणार असे म्हटले होते, पण कंपनीने त्याच सुमारास डीएसएलआरचे उत्पादन, विक्री व सेवा चालू असल्याचे जाहीर केले होते.

संदेशाला खरोखरच धोका दाखवायचा असता, तर तो किमतीत सापडला असता. महाग कॅमेऱ्यांतून नफा कमावण्याच्या या धोरणाचा भार नवोदितांवर पडतो. म्हणून पुण्यात काम सुरू करणाऱ्याने नवी बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घेण्याआधी जुन्या डीएसएलआरची किंमत आणि चांगल्या लेन्सचे भाडे यांचा हिशेब अवश्य मांडावा.