फावडं पडलं ती चूक आमची. जॅकचं मात्र जरा ऐका

नमस्कार साहेब,

गाड्यांना रॅक, जॅक वगैरे बसवणाऱ्या आमच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. एक स्टार आणि खाली पाच तक्रारी: माळशेजहून परतताना फावडं रस्त्यात पडलं, साडेतीन महिन्यांत जॅक गंजून बसला, मागचं दार खडखडतं, बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) मागितला तर आम्ही नाही म्हणालो, आणि जॅक टांगायच्या ब्रॅकेटचे ऑनलाइनपेक्षा दुप्पट पैसे घेतले. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं. सोमवारी फोन केला, तुम्ही मोठ्या मनाने गाडी वागळे इस्टेटला पाठवलीत, मी स्वतः सगळं खोलून बघितलं आणि मगच लिहायला बसलो. तुमचं नाव, गाडीचा नंबर इथे येणार नाही. गाडी जिम्नी आहे एवढं मात्र सांगावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्यांना पुढचं कळणार नाही.

आधी फावडं, कारण त्यात आमची बाजू मांडण्यासारखं काही नाही. डाव्या अंगाच्या रॅकवर दोन रबरी क्लॅम्पमध्ये ते बसवलं होतं. मागचा क्लॅम्प जागेवर आहे, पुढचा बोल्टासकट गायब. उरलेल्या क्लॅम्पचा बोल्ट काढला तर त्याला नायलॉक नट नव्हताच, साधा नट होता. दुकानातल्या पोराला विचारलं. त्या दिवशी त्या मापाचे नायलॉक संपले होते, त्याने साधे लावले, नंतर बदलू म्हणाला आणि विसरला. नायलॉकच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं, ते बोल्टाचे आटे आवळून धरतं. साधा नट थरथरीने रोज थोडा थोडा सुटतो. घोडबंदर रोडचे खड्डे रोज खाणाऱ्या गाडीवर तो ऑगस्टपर्यंत टिकला हेच नवल. नट पोराने लावला खरा, पण गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक नटाला पान्हा लावून बघायचं काम माझं आहे. त्या दिवशी मी ते केलं नाही.

शिवाय नुसत्या रबरी क्लॅम्पवर विसंबायला नको होतं. उन्हाने रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. वरून एक पट्टा हवाच होता. तुम्ही लिहिलंय, "नशीब, मागे बाईकवाला नव्हता." या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. नवीन फावडं, नवीन क्लॅम्प, पट्टा, सगळं आमच्या खर्चाने. आणि या आठवड्यापासून दुकानात एक नवीन रीत सुरू केली आहे: नट आवळून झाला की नटावरून पत्र्यावर पिवळ्या पेंटची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी धुताना गिऱ्हाईकालाही कळतं, त्यासाठी पान्हा लागत नाही. ५०० किलोमीटर झाले की एकदा येऊन सगळे नट फुकट तपासून घ्या, हेही आता बिलावर ठळक छापलं आहे. आधी आम्ही तोंडी सांगायचो. तुम्हाला सांगितलं होतं की नाही, मला खात्रीने आठवत नाही, म्हणजे सांगितलं नाही असंच धरा.

आता जॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हाय-लिफ्ट जॅक म्हणजे चार फुटांचा भोकाभोकांचा उभा दांडा, त्यावर हँडल मारलं की एकेक भोक वर चढणारं लोखंडी धूड. वजन आमच्या काट्यावर साधारण १३ किलो. भोकांत आलटून पालटून शिरणाऱ्या दोन पिना आणि त्यांच्या स्प्रिंगा, सगळी करामत तेवढीच. त्या पिना अडकल्या की जॅक म्हणजे नुसती पहार.

तुमचा जॅक टेबलावर आडवा ठेवला आणि वरची पिन अंगठ्याने दाबून बघितली. हलली नाही. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर ग्रीस आणि चिखल एकजीव होऊन वाळलेला, विटेच्या तुकड्यासारखा निघाला. साहेब, तुम्ही काळजीपोटीच ग्रीस थापलंत, पण बाहेर टांगलेल्या जॅकला ग्रीस वर्ज्य. ते धूळ धरतं, धुळीला पाणी मिळतं आणि पिनेभोवती गिलावा होतो. पातळ तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, तोही धुऊन, वाळवून. निओप्रीनचं कव्हर बिलात लावलेलं आहे, ते गाडीच्या कप्प्यात पिशवीसकट सापडलं. लाल जॅक फोटोत उठून दिसतो हे मलाही मान्य आहे, पण ठाण्याचा पाऊस आणि खाडीची हवा यांना फोटोशी देणंघेणं नाही. गंजाची जबाबदारी मी घेत नाही. जॅक दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला होता, आता पिना सुटल्या आहेत, त्याचे पैसे नकोत.

पण मागच्या दाराचं काय? तिथे मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त चुकलो आहे. तुम्ही रिव्ह्यूत खडखडाट लिहिलात, त्यामागची माझी चूक लिहिलेली नाही.

जूनमध्ये तुम्ही जॅक स्टेपनीवर लावा म्हणालात. मी नको म्हणालो. दुसऱ्यांदाही नको म्हणालो. मग तुम्ही म्हणालात, "नाहीतर दुसरीकडे लावून घेतो." शनिवार होता, दारात चार गाड्या उभ्या होत्या, आणि मी हो म्हणालो. नको ते नकोच म्हणायला हवं होतं.

कारण सांगतो. जिम्नीचं मागचं दार कपाटासारखं एका बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडतं आणि स्टेपनी त्याच दारावर असते. ते दार स्टेपनीचा भार धरून बनवलेलं आहे. आपण त्यावर १३ किलोचा जॅक आणि दोनेक किलोचं ब्रॅकेट चढवलं, तेही स्टेपनीच्या बाहेर, म्हणजे बिजागरीपासून आणखी लांब. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. आणि हे उभ्या गाडीचं झालं. खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन क्षणभर कितीतरी पट होऊन त्या दोन बिजागऱ्यांना हिसका देतं. काल दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचललं, दोनेक मिलिमीटर खेळ आहे. कुलपाच्या कडीचा रंग घासून पत्रा उघडा पडलाय. खडखडाट तिथून येतो.

आणखी एक प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. हा जॅक लावून गाडी उचलणार कुठून? त्याला जाड लोखंडी बंपर लागतो, नाहीतर दारांखाली साइड स्लायडर, म्हणजे चॅसीला धरलेली जाड लोखंडी नळी. तुमच्या गाडीला कंपनीचा प्लॅस्टिकचा बंपर आहे. तिथे जॅकची जीभ, म्हणजे गाडीखाली शिरणारा त्याचा पुढचा ओठ, लावली तर बंपर वर येईल, गाडी नाही. चाकाच्या रिमला अडकवून उचलायची आकडी मिळते, ती तुम्ही घेतलेली नाही. म्हणजे साडेतीन महिने आपण १३ किलो नुसतं मिरवलं. शिवाय हा जॅक चिडका आहे. हँडल अर्धवट सोडलं तर उसळून जबड्यावर बसतं. शिकल्याशिवाय वापरू नये.

तुम्ही जिथे जाता तिथे, म्हणजे मुरबाडच्या पुढे चिखल, कधी कोकणात वाळू, तिथे फावडं आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) यांनी बहुतेक वेळा काम होतं. आधी टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवायची, चाकापुढची माती ओढायची, बोर्ड चाकाखाली नीट खुपसायचे आणि चाक न गरगरवता हळू निघायचं. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर जॅकच्या आधी घ्यावा. आमच्याकडून घ्या असं म्हणत नाही, कुठूनही घ्या.

तेव्हा जॅक आता दारावर परत चढणार नाही. तो डिकीत, खाली, दोन पट्ट्यांनी आवळून बांधून देतो. मोकळा ठेवला तर ब्रेक मारल्यावर पुढच्या सीटपर्यंत येईल. छतावर ठेवा म्हणाल तर तिथेही माझं नाहीच. छतावर किती भार चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि त्यात रॅकचं वजनही मोजायचं असतं. बोर्ड हलके आहेत, ते वरच राहू देत. जिम्नीच्या छताला दोन्ही कडांना पन्हळ आहे, तिला क्लॅम्प लागतो, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही.

बुल बारचं थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं आहे. कंपनीच्या मूळ गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठं म्हणजे एअरबॅगचं गणित बिघडतं. मग रॅक कसे लावता, असं कोणी विचारेल. पान्ह्याने उतरवून गाडी होती तशी करता येईल, दिवे आणि नंबर प्लेट झाकणार नाही, आरशांच्या बाहेर जाणार नाही, तेवढंच आम्ही लावतो. तरी कोणी हरकत घेतली तर उतरवावं लागेल, हे आधीच सांगतो. बुल बारच्या नाहीबद्दल एक स्टार गेला असेल तर तो जाऊ द्या.

पैशांचं म्हणाल तर दुप्पट नाही, दीडपट. ऑनलाइनच्या ब्रॅकेटचा पत्रा २ मिलिमीटर, आमचा ४. त्यातले पैसे परत देणार नाही. मजुरीचे १,८०० रुपये मात्र आज परत पाठवले आहेत, बिजागऱ्यांचं कामही आमच्याकडे.

गाडी शनिवारी दुपारी तयार असेल. छतावरच्या बोर्डांच्या कुलपाची चावी गाडीत सापडली नाही, येताना घेऊन या. त्या दोन क्लॅम्पचे नट अजून बदलायचे राहिलेत.