गळतं ते आमच्या डोक्यावर

"बघायला छान वाटतंय तुमाला. गळतं ते आमच्या डोक्यावर. आणि जपायचं की पाडायचं हे ठरवणार तुमी?"

सॅमचा आवाज इतका चढलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला. शनिवारची संध्याकाळ, बेळगावच्या शहापुरातला आमचा नेहमीचा कट्टा, चहा नुकताच आलेला. विषय मीच काढला होता. सॅमच्या मूळ गावी, तालुक्याच्या ठिकाणी, जुनं मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथाचं) चर्च आहे. तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीत ते पाडून स्लॅबचा हॉल बांधायचा विचार चाललाय. मी म्हटलं, त्यापेक्षा वारसा वास्तू म्हणून संरक्षण मागा, अर्ज मी लिहून देतो. (मंडळीत अजून एकमत नाही, म्हणून गावाचं नाव इथे लिहीत नाही.)

सॅमचं म्हणणं खोटं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टात पावसानं जिल्हा बुडवला, तेव्हा वेदीमागची भिंत कंबरेएवढी ओली झाली. ती ओल आजही गेलेली नाही. जून ते सप्टेंबर बाकं पुढे ओढून बसायचं, मधे दोन बादल्या. नाताळला निम्मी माणसं अंगणात उभी. वयस्क बायकांना पायऱ्या चढवत नाहीत.

"मग पाडा की," बसू म्हणाला. "तुमचं देऊळ, तुमची मर्जी. बाहेरच्यानं कशाला बोलायचं?"

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं बेळगावात आली १८२० मध्ये. पेशवाई जाऊन दोनच वर्षं झाली होती. १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली, तीच आजची बेनन स्मिथ. १९०४ मध्ये सोसायटीनं इथलं सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केलं. त्या शाळांच्या बाकांवर फक्त ख्रिस्ती पोरं बसली नाहीत. माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले. गल्लीतल्या कितीतरी घरांत पहिली सही करणारा माणूस तिथूनच आला. मग त्या काळाची उभी भिंत फक्त सॅमची कशी?

"व्हय, पण बादली आमची," सॅम म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चर्च १९०४ च्या आधीचं की नंतरचं, यावरही बरीच खडाजंगी झाली. मंडळीतले म्हातारे 'सोसायटीच्या काळातलं' म्हणतात, कागद कुणाकडे नाही. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो होतो, तेव्हा पडवीत पडलेलं एक फुटकं कौल उलटून पाहिलं. आतल्या बाजूला शेवाळ. ते अंगठ्यानं खरवडलं तर इंग्रजी अक्षरं हाताला लागली: बासेल मिशन, मंगलोर. बासेल मिशन म्हणजे स्वित्झर्लंडहून आलेली वेगळी मिशन; तिचा कौलांचा कारखाना १८६५ चा. म्हणजे कौल त्याच्या आधीचं नाही, एवढंच कळलं. शिवाय कौलं काय, दर पिढीला बदलतात. पण हातात धरल्यावर त्याचं वजन जाणवलं. देवळाच्या छपरावर मिशनच्याच भट्टीतली माती, आणि ती पडवीच्या कोपऱ्यात भंगारासारखी रचलेली. मला वाईट वाटलं.

गुंडूदा तोवर गप्प होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी सॅमला एकच विचारलं, "भिंतीला आतनं सिमेंट कधी मारलंय?"

सॅम म्हणाला, "पंधरा-वीस वर्षं झाली असतील. वर्गणी काढून केलं होतं."

"मग पावसाला कशाला दोष देऊलालास? चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाळते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल आतच कोंडली. मग लोणा धरतोय, गिलावा फुगतोय, पापुद्रे सुटतात. तुमी परत सिमेंट मारता. भिंत मरत न्हाई रे, आपण मारतोय तिला." गिलावा सगळा उतरवायचा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवायची, मग भिजवून मुरवलेल्या चुन्याचा हात द्यायचा. पन्हळी बदलायच्या, वाशांची टोकं तपासायची, कुजलेले रीप काढायचे. "हॉलच्या स्लॅबला जेवढं लोखंड लागंल, तेवढ्या पैशात हे सगळं होतंय," गुंडूदा म्हणाले. त्या आकड्याची खात्री मी देत नाही, पण ते उगाच बोलणारे नव्हेत.

कायद्याचं शिरीषनं सांगितलं, तो वकील आहे. मला वाटत होतं, १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा आहेच की. तो म्हणाला, त्या कायद्यानं १५ ऑगस्ट १९४७ ला स्थळाचं जे धार्मिक स्वरूप होतं ते टिकतं, भिंती टिकत नाहीत. मंडळीनं स्वतःच पाडून नवं चर्च बांधलं तर तो कायदा मधे येत नाही.

"मग किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखं, त्या जैन देवळासारखं, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे द्या," बसू म्हणाला.

"तिथं गोम आहे," शिरीष म्हणाला. "प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटरपर्यंत परवानगी घेऊन. चर्चच्या भोवती कुणाची घरं आहेत?"

सॅम म्हणाला, "आमचीच. सगळी मंडळीचीच."

"मग पोराच्या लग्नाआधी वर खोली चढवता येणार न्हाई."

कट्टा थोडा वेळ शांत झाला. मला हे आधी माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी अर्ज लिहायला निघालो होतो. शिरीषच्या मते आपल्या कामाचा रस्ता वेगळा. मुंबईनं १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, तिथं वास्तूंना श्रेणी आहे. खालच्या श्रेणीत बाहेरचं रूप सांभाळून आत गरजेप्रमाणे बदल करता येतात. तसं काही गावपातळीवर मागायचं. सॅमला उताराचा रस्ता हवाय, संडास हवाय, बाजूला पत्र्याचा का होईना मंडप हवाय. हे सगळं त्यात बसू शकतं.

बसूची भीती निराळी होती. तो घरी कन्नड बोलतो, कट्ट्यावर आमच्यापेक्षा चांगली मराठी. "वारसा म्हटलं की बोर्ड आला. बोर्ड आला की कुठल्या भाषेत, हे आलंच. चांगल्या चाललेल्या मंडळीत नसतं भांडण लावाल."

त्यावर सॅमनंच उत्तर दिलं. चर्चमध्ये गीतांचे क्रमांक लावायची एक लाकडी फळी आहे. आकड्यांच्या पाट्या खाचेत सरकवायच्या. पाटीच्या एका बाजूला मराठी आकडे, दुसऱ्या बाजूला कन्नड. सकाळची मराठी उपासना संपली की सॅमचे वडील पाट्या उलट्या करून लावायचे, मग कन्नड उपासना सुरू. "आमच्यात कधी भांडण न्हाई झालं. फळी एकच हाय."

मला जे म्हणायचं आहे ते याच फळीमुळे म्हणतो. संरक्षण हवं, पण किल्ली मंडळीच्या हातात ठेवून. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं लंडनमधलं स्वतःचं चॅपल १७७८ चं. ते तिथल्या वारसा वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत आहे आणि आजही त्यात दर रविवारी उपासना होते. ब्रिटनमधल्या मेथडिस्टांना आपल्या जुन्या चर्चमधल्या बदलांना आपल्याच व्यवस्थेतून परवानगी द्यायची मुभा कायद्यानंच आहे. इथेही तेच मागायला हवं. बाहेरच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, पन्हळीला पैसे द्यावेत, गिलावा उतरवायला हात लावावा, आणि फळी कुठे लावायची ते मंडळीला ठरवू द्यावं.

आणखी एक गोष्ट सॅमला टोचली. शिरीष म्हणाला, मेथडिस्टांच्या मिळकती वरच्या विश्वस्तांच्या नावे असतात, गावच्या मंडळीच्या नाही. पाडायचं की ठेवायचं हा शब्द तुमचा शेवटचा नाहीच. वारसा म्हणून नोंद झालेली असेल, तर निदान परवानगीशिवाय कुणाला परस्पर पाडता येणार नाही. सॅम बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत बसला.

आमचा शहापुरातला वाडा गेला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. सागवानी खांब टेम्पोत चढताना बघितले. विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर आम्ही काय सांगायचं हेही ठरलेलं नव्हतं.

उठताना सॅम गुंडूदांना म्हणाला, "उद्या येताय काय? दुसरी उपासना साडेअकराला सुटते."

"शिडी हाय काय तिथं?"

"हाय, पण एक पायरी मोडलीय."

"मग माझी आणतो," गुंडूदा म्हणाले. मी त्या फुटक्या कौलासाठी गोणपाट घेऊन जाणार आहे.