काढ ते आधी

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. भाची कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. सकाळी तिने सोसायटीच्या पाण्याच्या बोंबेवर रील टाकलं, नगरसेवकांची नक्कल करत. तासाभरात ग्रुपवर 'भावना दुखावल्या'. कुणाच्या? टँकरवाल्याच्या? आणि मी, एरवी इथे अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या गप्पा ठोकणारी मी, तिला म्हणाले, "काढ ते आधी."

हे शब्द बाबांचे. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब गेले, सगळं बंद. मी बोईसरच्या घरातून फेसबुकवर 'बंद कशाला?' एवढंच टाकलेलं. पाठोपाठ शेजारच्या पालघरात दोन मुलींना अटक. एकीने पोस्ट लिहिली, दुसरीने नुसती लाइक केली! बाबा पानावरून उठले आणि उष्ट्या हातानेच माउस धरला. वरणाचा तो पिवळा डाग कितीतरी दिवस गेला नाही.

त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून आत टाकणारं, 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. हात घालायचा तो चिथावणीला, असं स्वच्छ सांगितलं. मी नाचत बाबांना फोन केला. ते म्हणाले, "कोर्ट दिल्लीत आहे बाळा, आपण बोईसरला."

बरं, सगळंच मोकाट सोडता येत नाही, मान्य. धुळ्याच्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ते अशाच अफवांपायी. पण म्हणूनच तर चीड येते! आमच्या ग्रुपवर 'टोळी फिरतेय, सावध राहा' हे महिन्यातून दोनदा येतं, खाली जोडलेले हात आणि अंगठे. तेव्हा ॲडमिन झोपलेले. जीव जाऊ शकतो त्याला अंगठा, आणि नेत्याची नक्कल केली की नोटीस. नाक मुरडण्याला इजा म्हणायचं, आणि खऱ्या इजेला 'फॉरवर्ड केलंय फक्त'.

बाबांवर मी वर्षानुवर्षं चिडून होते. आज कळतंय, त्यांना कायदा घाबरवत नव्हता. खालच्या मजल्यावरून कोण वर येईल, ते घाबरवत होतं. मलाही सकाळी तेच वाटलं. मात्र माझे हात कोरडे होते, एवढाच फरक.

मघाशी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, परत टाक गं, मी बघते कोण काय करतं ते.

"राहू दे, आत्या," मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "मेंदीचं बनवतेय आता."