२१ गिअर आणि एक पाना

"गिअर किती?" सायकलच्या दुकानातला सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो. २१ गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन, घेऊन टाका साहेब! अहो, पण माझी उंची? "सीट वर-खाली होते ना!" फ्रेमला साइज असतो हे यांच्या गावीच नाही. स्टँड? वेगळे पैसे. घंटी? वेगळे. मडगार्ड? "माउंटन बाइकला नसतंच." म्हणजे पावसाळाभर पाठीवर चिखलाचा पट्टा ओढून ऑफिसला जायचं, फॅशन म्हणून!

खरा तमाशा पुढेच. गिअर उड्या मारतोय म्हणून घेऊन जा. केबलचा ताण बघणार नाही, डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो जिथे फ्रेमला अडकतो तो तुकडा, वाकलाय का बघणार नाही, चेनवर तेलाची धार सोडून मोकळा! आणि डिस्क कुईकुई करते म्हटलं की तीच बाटली डिस्कवर. डिस्कवर! तेल! ब्रेक पॅड ते तेल पितात आणि मग सिंहगडाच्या उतारावर दोन्ही लिव्हर दाबून बसा देवाचा धावा करत. नवे पॅड? अर्थात आपल्याच खिशातून.

ट्यूब मागा. "२६ ची देऊ?" चाक २७.५ इंची आहे हो. "बसते, ताणून." प्रेस्टा व्हॉल्व्ह (ट्यूबचं हवा भरायचं बारीक तोंड) दिसला की पंक्चरवाला हातच जोडतो, पंपाचं तोंडच त्याला बसत नाही. (त्याच्यावर मात्र राग नाही, निदान खरं तरी बोलतो.)

आणि एवढ्या पराक्रमानंतर बिलावर काय? "फुल सर्व्हिसिंग"!