हाताचा गुण वायफायमधून जात नाही

सांगली-मिरजेत नवीन फिजिओथेरपी क्लिनिक टाकताय? मग आधी एक वाक्य पाठ करा: ‘आमचं शास्त्र हाताचं आहे.’ व्हिडिओ कॉलवर व्यायाम घ्याल का, असं कुणी विचारलं की हे म्हणायचं आणि दोन्ही तळवे जरासे वर उचलायचे.

मग पेशंटला कॉटवर झोपवायचं, मावशींना हाक मारून शेकाची पिशवी ठेवायला लावायची, आयएफटीचे, म्हणजे दुखणं कमी करायला सौम्य वीज सोडणाऱ्या मशीनचे, पॅड चिकटवायचे आणि आपण केबिनमध्ये जाऊन मोबाईल बघायचा. मशीन वाजलं की मावशी पॅड काढतात. हाताचं शास्त्र झालं. फक्त हात मावशींचे.

गुडघा बदललेल्या आक्का जतहून येत असतील तर उत्तमच. एसटीची पहिली पायरी चढता आली म्हणजे निम्मा व्यायाम स्टँडवरच उरकला. सोबत मुलगा खाडा करून येतो. तो खाडा आपल्या बिलात दिसत नाही, तेव्हा काळजी नको. गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायची कोनपट्टी, लावून सांगायचं, ‘८५ अंश, गेल्या खेपेला ८० होता,’ आणि व्यायामाची झेरॉक्स हातात द्यायची: ‘घरी रोज तीनदा करा.’ म्हणजे खरा व्यायाम जतलाच, भिंतीला टेकून, कुणी बघत नसताना. आक्का तो चुकीचा करतात की करतच नाहीत, हे आपल्याला कळण्याचा प्रश्नच नाही.

एखादा वाचून आलेला नातेवाईक सांगेल की, कॅनडात गुडघा बदललेल्या २०५ जणांवर अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. काहींच्या घरी थेरपिस्ट गेला, काहींना व्हिडिओवर शिकवलं, आणि फरक पडला नाही. शांतपणे विचारा, ‘कॅनडात जत आहे का?’

नियमांचाही आधार घ्या. मार्च २०२० मध्ये केंद्रानं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी, म्हणजे डॉक्टरांसाठी. एरवी कुणी ‘तुम्ही डॉक्टर नाही’ म्हटलं तर आपल्याला दोन दिवस जेवण जात नाही. या एका मुद्द्यापुरतं मात्र आपणच ते ठासून सांगायचं.

एक चूक कटाक्षानं टाळा: खरी कारणं देऊ नका. अर्धांगाच्या पेशंटचा तोल गेला तर फोनमधून त्याला धरता येत नाही. आखडलेला खांदा नेमका कुठे अडतो ते बोटांना कळतं, स्क्रीनवर नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिथंच घोळ आहे. खरं कारण दिलं की समोरचा विचारतो, ‘मग ज्याला पडायची भीती नाही, नुसता व्यायाम नीट होतोय का तेवढंच बघायचंय, त्याला का नको?’ आता पेशंट बघून ठरवत बसायचं का? त्यापेक्षा तळवे वर.

अपवाद एकच. मूळचे सांगलीच्या विश्रामबागचे, हल्ली न्यू जर्सीत असलेले कुणी कंबर धरल्याचं कळवतील आणि फी डॉलरमध्ये विचारतील. तेव्हा रात्री साडेनऊला मोबाईल पुस्तकांच्या चवडीवर उभा करून मोकळेपणानं सुरू करा: ‘कॅमेरा जरा खाली घ्या. हां, कंबर दिसू द्या. मस्त जमतंय.’ मध्येच जतहून आक्कांच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला तर कट करा. सकाळची एसटी आहेच.