दॅट-वाक्यातला भूतकाळ आणि सर्वनामे: एका सोयीस्कर सूत्राचा प्रतिवाद

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक टिपण वारंवार फिरत असते. दुसऱ्याचे बोलणे ‘दॅट’ लावून आपल्या वाक्यात सांगायचे असते, म्हणजे अप्रत्यक्ष कथन, त्याबद्दलचा त्यातला दावा थोडक्यात असा आहे: मुख्य क्रियापद भूतकाळी असेल, तर ‘दॅट’नंतरचे क्रियापदही भूतकाळीच हवे, ते मुळात साध्या भूतकाळात असेल, तर त्याला ‘हॅड’ लावलेच पाहिजे, यातून सुटका फक्त त्रिकालाबाधित सत्याची. सर्वनामे ‘एसओएन’ (सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, नो चेंज) सूत्राने बदलायची, म्हणजे प्रथमपुरुष कर्त्यानुसार, द्वितीयपुरुष कर्मानुसार आणि तृतीयपुरुष जसाच्या तसा. शेवटी, ‘दॅट’ गाळणे ही बोलण्यातली ढिलाई आहे, लेखनात ती चूक धरावी. परीक्षेतले ठरावीक प्रश्न सोडवण्यापुरते हे सूत्र उपयोगी पडते, हे मान्य आहे. परंतु इंग्रजी भाषा याच नियमांनी चालते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्यातले जवळजवळ प्रत्येक कलम तपासावे लागते.

आधी काळाचे कलम पाहू. ‘शी सेड दॅट शी वॉज टायर्ड’ या वाक्यात तिचे मूळ शब्द बहुधा ‘आय अ‍ॅम टायर्ड’ असेच होते. दमणे आणि बोलणे एकाच वेळचे असूनही ‘वॉज’ आले, कारण सांगणारा त्या क्षणाकडे मागे वळून पाहत आहे. मराठी माणसाला हे चटकन पटत नाही, याचे कारण आपल्याकडे ‘ती म्हणाली, की मी दमले आहे’ असे वर्तमानकाळी रूप बिनदिक्कत राहते, आणि ‘ती म्हणाली, की ती दमली होती’ असे म्हटले तर दमणे बोलण्याच्याही आधीचे ठरते. म्हणून आपल्याला सूत्राचा आधार हवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण काळ असा मागे सरकणे इंग्रजीत सरसकट सक्तीचे नाही. ती अजूनही दमलेली असेल, तर ‘शी सेड दॅट शी इज टायर्ड’ हेही व्याकरणशुद्ध वाक्य आहे. फक्त त्याची किंमत वेगळी आहे: भूतकाळी क्रियापदाखाली आलेला हा वर्तमानकाळ दोन्ही वेळांना लागू पडावा लागतो, मूळ बोलण्याच्या वेळेला आणि आपण सांगतो त्या वेळेलाही. मुर्व्हेत एन्च आणि डोरिट अबुश या अर्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी नेमक्या याच गोष्टीची चिकित्सा केली आहे. ‘ही टोल्ड मी दॅट हिज सिस्टर इज प्रेग्नंट’ हे वाक्य दोन वर्षांनी उच्चारले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. ‘वॉज’ असते तर कोणाला काही खटकले नसते.

त्रिकालाबाधित सत्याचा अपवादही याच कसोटीवर लटका ठरतो. ‘कोपर्निकस आर्ग्यूड दॅट दि अर्थ मूव्ड अराउंड दि सन’ हे वाक्य ‘मूव्ज’ऐवजी ‘मूव्ड’ वापरूनही निर्दोष आहे. त्यातून पृथ्वी आता फिरायची थांबली, असा अर्थ कोणी काढत नाही. उलट बाजू अधिक बोलकी आहे. टॉलेमीने पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी मानली, हे सांगताना ‘टॉलेमी बिलीव्ह्ड दॅट दि अर्थ इज…’ असे लिहिणारा स्वतःही ते मानतो की काय, अशी शंका येते, कारण तिथे वर्तमानकाळ वापरला की विधानाची थोडी जबाबदारी सांगणाऱ्याच्या अंगावर येते. तेव्हा निवड सत्य त्रिकालाबाधित आहे की नाही यावर होत नाही. सांगणारा ते विधान आजही आपले म्हणून पुढे ठेवतो की फक्त दुसऱ्याचे म्हणून नोंदवतो, यावर होते.

‘हॅड’ची सक्ती तर अर्धवटच खरी आहे. ‘शी सेड दॅट शी वॉज बॉर्न इन १९८०’ यात ‘हॅड बीन’ घातल्याने काहीही साधत नाही; जन्म बोलण्याच्या आधीचा आहे हे सन सांगतेच. ‘ही सेड दॅट ही लॉस्ट दि की’ यातही संदिग्धता नाही, कारण हरवणे ही घटना आहे आणि ती आधीच घडलेली असणार. अडचण येते ती स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांपाशी. ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ म्हटले की आजारपण बोलण्याच्या वेळचे वाटते. ते आधीचे असेल आणि वेळ दाखवणारा दुसरा शब्द नसेल, तर ‘हॅड बीन’ हवेच. म्हणजे ‘हॅड’ कुठे लागते हे क्रियापदाच्या जातीवर आणि संदर्भावर अवलंबून आहे, आणि सूत्रात नेमका हाच भेद गायब आहे.

भूतकाळानंतर भूतकाळच, या आग्रहाचा खरा धोका मात्र ‘इन्सिस्ट’सारख्या क्रियापदांशी दिसतो. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही लीव्ह’ म्हणजे त्याने निघून जावे असा तिने हट्ट धरला. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही लेफ्ट’ म्हणजे, निदान अमेरिकन वापरात, तो निघून गेला असे तिने ठासून सांगितले. सूत्रानुसार पहिले वाक्य चुकीचे ठरवून ‘लेफ्ट’ केले, तर मागणीची साक्ष होऊन बसते. ‘आय विश दॅट आय न्यू’ यातले भूतकाळी रूप तर भूतकाळाबद्दल बोलतच नाही. तिथे आजचे अज्ञान आहे.

आता सर्वनामे. ‘एसओएन’ सूत्रातला सर्वांत ठाम भाग, म्हणजे तृतीयपुरुष बदलत नाही, तोच सर्वांत लवकर कोसळतो. सीमा नीताला म्हणाली, ‘रमेश इज लेट.’ हे रमेशच्याच कानावर पडले आणि त्याने पुढे सांगितले, तर तो ‘सीमा टोल्ड नीता दॅट आय वॉज लेट’ असेच म्हणेल. रमेशला तोंडावर सांगणारा ‘दॅट यू वर लेट’ म्हणेल. तृतीयपुरुष एकदा प्रथम झाला, एकदा द्वितीय. ‘वी’चे तर आणखी हाल होतात. सीमा नीताला ‘वी हॅव्ह लॉस्ट’ म्हणाली, तर कर्ता सीमा म्हणून ‘शी’ लिहायचे का? नीता त्या ‘वी’मध्ये असेल तर ती ‘वी’च म्हणेल, नसेल तर ‘दे’ म्हणेल. मराठीत मुळातच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे असल्याने हा प्रश्न बराचसा आधीच सुटलेला असतो. ‘यू नेव्हर नो’ यातला ‘यू’ समोरच्या माणसाचा नाहीच, तो कोणाचाही आहे, आणि तरीही सूत्र त्याला कर्माच्या दावणीला बांधते. इंग्रजीत सर्वनाम ठरते ते सांगणाऱ्याच्या जागेवरून: तो कोण आहे, कोणाशी बोलतो आहे. कर्ता आणि कर्म हे त्याचे अंदाजपंचे ठोकताळे आहेत.

या व्यवस्थेची एक उणीव सूत्राला दिसतच नाही. ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड फेल्ड’ यात नापास कोण झाला, हे वाक्य सांगत नाही. मराठीत ‘की मी नापास झालो’ आणि ‘की तू नापास झालास’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. इंग्रजीत दोन्ही ‘ही’मध्ये विरघळतात, आणि तिथे नियम पाठ असून भागत नाही, नाव पुन्हा लिहावे लागते.

‘दॅट’ गाळण्याबद्दल फार बोलायला नको. ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ यांच्यानंतर ते गाळणे चांगल्या लेखनातही रूढ आहे. ‘दॅट ही लाइड इज क्लिअर’ यात मात्र ते काढता येत नाही, कारण काढल्यावर वाचक ‘ही लाइड’ हेच मुख्य वाक्य समजून पुढे अडखळतो. काही वेळा व्याकरण त्याची मागणी करत नाही, पण अर्थ करतो: ‘दे अनाउन्स्ड ऑन मंडे दॅट दि ऑफिस वॉज क्लोज्ड’ यात सोमवार घोषणेचा आहे, ‘दे अनाउन्स्ड दॅट ऑन मंडे दि ऑफिस वॉज क्लोज्ड’ यात तो कार्यालय बंद असण्याचा आहे, आणि ‘दॅट’ काढून टाकले की सोमवार कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही.